मुलीला घरी शिकवताना रोज रडारड होते. तिला पुन्हा शाळेत घालावे का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

आमची मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा आहे. मुलीला वाचन जमत नाही म्हणून वर्गात तिची टर उडवली जात असे. रोज सकाळी तिचे पोट दुखू लागले, तेव्हा आम्ही दोघांनी विचार करून सहा महिन्यांपूर्वी तिला शाळेतून काढले आणि मी नोकरी सोडली. सकाळी नऊ ते दोन असे वेळापत्रक आखले, सगळ्या विषयांची पुस्तके आणली. सुरुवात बरी झाली, पण आता वही उघडली की तिचे रडणे सुरू होते आणि शेवटी माझाही तोल सुटतो. परवा ती म्हणाली, "तू आधी चांगली होतीस." तिचे बाबा संध्याकाळी घरी आले की "आज काय शिकवलेस?" असे विचारतात. आजी म्हणते की हिला मैत्रिणीच राहणार नाहीत. घरी शिकवणाऱ्या इतर कुटुंबांचे अनुभव वाचते, तर त्यांची मुले आपणहून वाचतात, प्रयोग करतात, आनंदात असतात. माझ्यातच काही कमी आहे का? वाचनात ती मागे राहिली आहे, त्याने तिचे कायमचे नुकसान होईल का? तिला पुन्हा शाळेत घालावे का?
– एक आई

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमच्यात काही कमी नाही, आणि हे मी केवळ तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. मुलाला शाळेतून काढून घरी शिकवू लागलेल्या पालकांना त्यांच्या पहिल्या वर्षाबद्दल मोकळेपणाने बोलते केले, की तुम्ही वर्णन केलेली सकाळ इतक्या वेळा ऐकू येते की तिला अपवाद म्हणता येत नाही: उत्साहाने आखलेले वेळापत्रक, काही दिवसांची शांतता, मग वही उघडताच सुरू होणारी कुरकुर, आणि एके दिवशी स्वतःच्याच चढलेल्या आवाजाने दचकलेली आई. मुलीला पुन्हा शाळेत घालावे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचे उत्तर आज ठरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शाळा सोडण्याचा निर्णय तुम्हाला पोटदुखीच्या दडपणाखाली घ्यावा लागला होता. परतीचा निर्णय रडारडीच्या दडपणाखाली घेतलात, तर आपल्याला शाळेतही जमले नाही आणि घरीही जमले नाही, एवढेच मुलीच्या मनात राहील. त्याआधी अभ्यास काही आठवडे पूर्णपणे थांबायला हवा, तिच्या वाचनाची जाणकाराकडून तपासणी व्हायला हवी, आणि तिच्या बाबांनी चौकशी करण्याऐवजी स्वतः शिकवायला बसायला हवे.

ज्या कुटुंबांशी तुम्ही स्वतःची तुलना करता आहात, त्यांच्याविषयी आधी थोडे लिहितो. घरी शिकवणाऱ्या पालकांना नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सतत जाब द्यावा लागतो, त्यामुळे आपला अनुभव मांडताना त्यांच्याकडून चांगले दिवस ठळक होतात आणि वाईट दिवस गळून जातात. यात लबाडी नसते; सारखा बचाव करावा लागणाऱ्या माणसाचे बोलणे असेच होते. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षकाने १९७७ मध्ये 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' नावाचे नियतकालिक सुरू केले, जे २००१ पर्यंत चालले, आणि त्याचा फार मोठा भाग घरी शिकवणाऱ्या पालकांच्या पत्रांनी भरलेला असे. ही कुटुंबे त्या काळी विखुरलेली होती, अनेकांना कायद्याची धास्ती होती, आणि आपण एकटे नाही हे कळणे त्यांच्यासाठी मोलाचे होते. पण धीर देण्यासाठी लिहिलेला मजकूर आपल्या मुलीला मोजण्याची पट्टी म्हणून वापरला, तर तोच मजकूर धीर खचवतो. आकड्यांनाही हेच लागू आहे. लॉरेन्स रडनर यांचा १९९९ मधला अमेरिकेतील अभ्यास आजही पुरावा म्हणून पुढे केला जातो. त्यात घरी शिकणाऱ्या २०,००० हून अधिक मुलांचे गुण सरासरीपेक्षा बरेच वर होते. मात्र ही सारी कुटुंबे आपणहून एका चाचणी सेवेकडे आलेली होती, त्यांतले पालक सरासरीपेक्षा अधिक शिकलेले आणि सुस्थितीतले होते, आणि यावरून घरचे शिक्षण शाळेपेक्षा सरस ठरत नाही, हे रडनर यांनी स्वतःच नमूद केले होते.

तुमच्या परिस्थितीवर अधिक प्रकाश टाकणारे काम मला ॲलन थॉमस या मानसशास्त्रज्ञांचे वाटते. त्यांनी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील घरी शिकवणाऱ्या १०० कुटुंबांचा अभ्यास करून १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात आढळले ते असे, की बऱ्याच पालकांनी सुरुवात शाळेसारखीच केली होती, म्हणजे ठरलेले तास, ठरलेले विषय, पाठ्यपुस्तके आणि प्रश्नोत्तरे. आणि पुढे बहुतेकांना हळूहळू ते सैल करावे लागले, कारण मुलांनी दाद दिली नाही. पालकांचा कल सैलपणाकडे होता म्हणून हे घडले असे नाही, अनेकांना तो बदल मनाविरुद्ध स्वीकारावा लागला. तुमची मुलगी जे रडून सांगते आहे, ते त्या घरांतील मुलांनीही कोणत्या ना कोणत्या प्रकारे सांगितले होते.

असे का होते, याचे माझे स्पष्टीकरण थोडे विस्ताराने मांडतो, कारण तुमच्या घरातली गाठ मला इथेच दिसते. शाळेच्या पाच तासांपैकी फार थोडा वेळ एखाद्या मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष शिकण्यासाठी येतो. उरलेला वेळ हजेरी, वह्या वाटणे, इतरांची वाट पाहणे, शिस्त लावणे आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाणे यांत जातो. मोठ्यांना हा वेळ वाया गेला असे वाटते, परंतु मुलांना त्यात श्वास घेता येतो. वर्गात मूल क्षणभर खिडकीबाहेर पाहू शकते, शेजारणीशी कुजबुजू शकते, उत्तर येत नसेल तर मान खाली घालून आपली पाळी टाळू शकते. तुमच्या टेबलाशी ती एकटी आहे, समोर एकच मोठे माणूस आहे, आणि त्या माणसाची नजर नऊपासून दोनपर्यंत तिच्यावरून हलत नाही. तिची प्रत्येक चूक होताक्षणी दिसते, दुरुस्त केली जाते, आणि ती दुरुस्त करणारी व्यक्ती तिची आई असते. शाळेत बाई रागावल्या तर घरी येऊन आईच्या कुशीत शिरता येत असे. आता आई रागावली तर जायचे कुठे? "तू आधी चांगली होतीस" या वाक्यात तिने तुमच्या शिकवण्याविषयी तक्रार केलेली नाही. तिची आई तिला दिवसाचे पाच तास मिळेनाशी झाली आहे, हे तिने तिच्या शब्दांत सांगितले आहे.

म्हणून नऊ ते दोन हे वेळापत्रक आजच बंद करा. मुलीला शांतपणे सांगा की काही आठवडे अभ्यास होणार नाही, हा निर्णय मोठ्यांचा आहे, तिने काही चूक केली म्हणून तो घेतलेला नाही, आणि आपण ओरडलो ते बरोबर नव्हते. क्षमा मागताना स्पष्टीकरणे देऊ नका. एवढ्या वयाच्या मुलांना सरळ वाक्य पुरते. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांमध्ये असा एक ठोकताळा सांगितला जातो, की मूल शाळेत जितकी वर्षे गेले असेल तितके महिने त्याला शाळेच्या सवयींतून मोकळे व्हायला लागतात. त्यामागे संशोधन नाही, आणि मी तो नियम म्हणून सांगणार नाही. तुमच्या मुलीसाठी सहा ते आठ आठवडे ठेवावेत असे मला वाटते. या काळात दिवसाचा आकार मात्र मोडू देऊ नका. उठण्याझोपण्याच्या वेळा, घराबाहेर पडणे, घरातल्या कामांत तिचा वाटा आणि रोज थोडा वेळ तुम्ही मोठ्याने वाचून दाखवणे, एवढे चालू राहू द्या. आणि एक कळकळीची विनंती: फिरायला गेल्यावर पाने मोजायला लावणे, दुकानात हिशेब करायला लावणे, असे दडवलेले धडे या आठवड्यांत देऊ नका. मुले ते लगेच ओळखतात, आणि मग फिरायला जाणेही त्यांना अभ्यास वाटू लागते.

त्यानंतर पुन्हा सुरुवात कराल तेव्हा ती अगदी छोटी असावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांचे विचार आजही अनेक घरांत वापरले जातात. लहान मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांहून लांब पाठ नको, तेवढ्यात मात्र पूर्ण लक्ष हवे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांची दुसरी पद्धत तुमच्या मुलीसाठी विशेष उपयोगाची आहे: मजकूर एकदाच वाचायचा आणि मग मुलाने तो पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचा. वाचन तुम्ही करावे, सांगणे तिने करावे. प्रश्न विचारू नका, मध्ये दुरुस्त करू नका. वाचताना अडखळणाऱ्या मुलांची समज आणि स्मरण पुष्कळदा उत्तम असते, पण शाळेतल्या लेखी कामात ते कोणाला दिसलेलेच नसते; तिचे सांगणे ऐकताना कदाचित तुम्हालाही तिची नव्याने ओळख होईल. दिवसात गणिताचा एक छोटा पाठ, वाचनाचा एक आणि हे ऐकून सांगणे, एवढे पहिल्या तीन महिन्यांसाठी भरपूर आहे. विज्ञान, इतिहास, भूगोल यांची पुस्तके कपाटात राहू द्या. ते विषय वाचून दाखवण्यातून आणि गप्पांतून येत राहतील.

काही कुटुंबे याच्या पुढे जाऊन मुलावर काहीच लादायचे नाही, त्याच्या इच्छेप्रमाणे सगळे होऊ द्यायचे, असे मानतात. अशा घरांत वाढून समर्थ झालेली मुले आहेत, यात शंका नाही. तरीही तुमच्या मुलीसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. कॅनडात सँड्रा मार्टिन-चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ५ ते १० वर्षांच्या ७४ मुलांची तुलना प्रसिद्ध केली होती, त्यांतली ३७ घरी शिकणारी आणि ३७ शाळेत जाणारी होती. घरी काही एक आखणी ठेवून शिकवलेल्या मुलांचे गुण शाळेतल्या मुलांपेक्षा चांगले होते, तर आखणीच नसलेल्या छोट्या गटाचे गुण सर्वांत कमी होते. नमुना लहान असल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, पण ज्या मुलीला वाचनात अडचण आहे, तिच्या बाबतीत हा इशारा गंभीरपणे घ्यावा असे मला वाटते.

आता वाचनाविषयी. तुमच्या पत्रातला मला सर्वाधिक काळजीचा वाटलेला भाग हाच आहे. घरी शिकवणाऱ्यांच्या गप्पांत "मूल तयार झाले की आपोआप वाचू लागते" हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. त्याला आधार नाही असे नाही: न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेली मुले आणि सातव्या वर्षी शिकू लागलेली मुले यांच्या वाचनात ११ व्या वर्षापर्यंत फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये तर औपचारिक शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. पण हे सारे उशिरा शिकवायला सुरुवात केलेल्या मुलांविषयी आहे. तुमच्या मुलीला काही वर्षे शिकवले गेले आहे, तिने प्रयत्न केले आहेत, त्यासाठी तिची टर उडवली गेली आहे, आणि तरीही तिला वाचता येत नाही. या दोन परिस्थिती वेगळ्या आहेत, आणि दुसऱ्या परिस्थितीत नुसती वाट पाहणे योग्य नाही.

आधी तिची दृष्टी आणि श्रवण तपासून घ्या, आणि मग अध्ययन अक्षमतेचे मूल्यमापन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे किंवा विशेष शिक्षकाकडे तिला न्या. जाण्याआधी काही दिवस निरीक्षण करून लिहून ठेवा: ओळखीचा शब्द ती कालच्या पानावर वाचते पण आजच्या पानावर अडखळते का, शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला अंदाजाने म्हणते का, शब्दातले ध्वनी सुटे करून सांगणे, यमक जुळवणे तिला अवघड जाते का, ऐकलेले तिला छान कळते, पण तेच वाचलेले कळत नाही, असे होते का, घरात आणखी कोणाला लहानपणी अशी अडचण होती का. तपासणीत डिस्लेक्सिया, म्हणजे शब्द ओळखून वाचण्यातली विशिष्ट अडचण, निघाला, तर तो बुद्धिमत्तेचा प्रश्न नसतो, आळसाचा नसतो, आणि आईच्या शिकवण्याचा तर मुळीच नसतो. त्यावर ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध पायरीपायरीने, भरपूर सरावासह आणि ठरावीक क्रमाने शिकवावा लागतो, आणि हे काम ते शिकलेल्या व्यक्तीने केलेले बरे. शक्य असेल तर वाचन शिकवण्याचे काम पूर्णपणे दुसऱ्या कोणाकडे सोपवा. तुमच्या दोघींमधला ताण जिथे साठला आहे ती जागाच तुम्ही काही काळ सोडून द्यावी, असे मला वाटते. दरम्यान ध्वनिमुद्रित पुस्तके तिला मुक्तपणे ऐकू द्या, म्हणजे वाचनाच्या अडचणीमुळे तिचे ज्ञान आणि शब्दसंपत्ती अडून राहणार नाही. आणि धाकट्या भावासमोर किंवा पाहुण्यांसमोर तिला काहीही वाचून दाखवायला सांगू नका. तो पाच वर्षांचा आहे. एखाद्या दिवशी तो तिच्या आधी वाचू लागेल, आणि त्या दिवसासाठी तुम्ही आतापासून मनाची तयारी ठेवायला हवी.

कायमचे नुकसान होईल का, असे तुम्ही विचारले आहे. ९ व्या वर्षी वाचनाची अडचण नीट ओळखली गेली आणि योग्य मदत मिळाली, तर पुढे जाण्याची वाट खुली असते. मला भीती आहे ती अडचणीला नाव न मिळाल्यामुळे मुलीने स्वतःलाच "मी ढ आहे" असे नाव देण्याची. ते पुसायला वाचन शिकण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

यानंतर तुमच्याविषयी लिहायला हवे, कारण तुमच्या पत्रात मुलगी, नवरा, आजी सगळे आहेत आणि तुम्ही फक्त अपराधी म्हणून आहात. जेनिफर लोइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी घरी शिकवणाऱ्या मातांचा अनेक वर्षे अभ्यास करून २०१३ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. आई, शिक्षिका आणि घर सांभाळणारी या भूमिका एकाच व्यक्तीवर एकाच वेळी येऊन पडल्या की येणारा थकवा हा त्यातला एक मुख्य विषय आहे. आणि त्या थकव्याला बाया आपला स्वभावदोष समजतात, हे मला आजवर भेटलेल्या मातांकडे पाहूनही जाणवले आहे. तुम्ही नोकरी सोडली, याचा उल्लेख तुम्ही चार शब्दांत उरकला आहे. ती नोकरी तुम्हाला आवडत होती का, तिथली माणसे आठवतात का, स्वतःचे उत्पन्न थांबल्याचे काय वाटते, हे तुम्हाला कोणी विचारले आहे का? मुलीसाठी केलेला त्याग आहे, म्हणून त्याचे दुःख वाटणे चुकीचे ठरत नाही. ते दुःख बोलून दाखवता आले नाही तर ते सकाळच्या टेबलाशी येऊन बसते, आणि मग शब्द चुकलेल्या मुलीवर उगाच मोठा राग निघतो.

तिच्या बाबांना हे पत्र वाचायला द्या, पुढचे त्यांच्यासाठी आहे. "आज काय शिकवलेस?" हा प्रश्न तुम्ही आपुलकीने विचारत असाल, परंतु दिवसभर एकटीने झगडलेल्या माणसाला तो तपासणीसारखा ऐकू येतो. मुलीला शाळेतून काढण्याचा निर्णय दोघांचा होता, तर शिकवणेही दोघांचे असले पाहिजे. एक विषय पूर्णपणे तुमच्याकडे घ्या. गणित घ्या, किंवा हाताने वस्तू बनवण्याचे काम घ्या. पूर्णपणे याचा अर्थ असा, की त्याची तयारी, साहित्य, मुलीची कुरकुर आणि कंटाळा हे सगळे तुमचे. पत्नीने फक्त वेळ काढून द्यावा आणि घराबाहेर पडावे. याशिवाय आठवड्यातला अर्धा दिवस असा असावा, की त्या वेळात दोन्ही मुलांची कोणतीही जबाबदारी त्यांच्या आईवर नसेल. ज्या घरांत दुसरा पालक केवळ प्रेक्षक राहतो, ती घरे मी सर्वांत लवकर थकलेली पाहिली आहेत. घरचे अर्थकारण एका पगारावर किती काळ चालू शकेल, याचा हिशेबही दोघांनी कागदावर मांडून ठेवा, कारण न मांडलेली पैशाची काळजी भलत्याच भांडणातून बाहेर पडते.

आजीच्या भीतीला मी हसणार नाही. रिचर्ड मेडलिन यांनी २००० मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा घरी शिकणारी मुले माणसांत वावरण्यात मागे पडतात असे त्यांना आढळले नव्हते. पण आढावे सर्वसाधारण मुलांविषयी बोलतात, आणि आजी तिच्या नातीविषयी बोलते आहे. आपल्या मुलीला दर आठवड्याला, त्याच त्या मुलांसोबत, मोठ्यांच्या देखरेखीचा ताण नसलेला वेळ मिळतो का, हे पाहा. नवनवीन वर्गांना नेऊन ओळखी वाढतात. मैत्री मात्र तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटल्याशिवाय होत नाही. तिची टर उडवणाऱ्या त्याच वर्गात तिची एखादी जिवाची मैत्रीणही असू शकेल. तुला कोणाची आठवण येते, असे तिला सहज विचारा, आणि नाव कळले की त्या मुलीच्या घरी निरोप पाठवायला उशीर करू नका. आजीलाही केवळ भीती व्यक्त करण्यापुरते ठेवू नका. ऐकलेली गोष्ट नातीने रोज आजीला सांगावी, हे काम दोघींना आवडेल.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती देशागणिक बदलते. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे, आणि त्याविरुद्ध एका कुटुंबाने केलेली तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये अग्राह्य ठरवली. फ्रान्समध्ये सप्टेंबर २०२२ पासून पूर्वपरवानगी लागते. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार शिक्षण शाळेत किंवा अन्य मार्गाने देता येते, तर अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर असून नोंदणीचे आणि चाचण्यांचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १० मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानते, पण ते न केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक, म्हणजे दहावीच्या स्तराची, परीक्षा नेहमीच्या शाळेत न जाताही १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. तुम्ही जिथे राहता तिथला नियम लेखी मिळवा, आणि काय वाचले, कोणते गणित केले, कुठे गेलो, याची दोन-तीन ओळींची रोजची नोंद ठेवा. ती पुढे कोणाही अधिकाऱ्याला किंवा शाळेला दाखवता येते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. विश्रांतीचे आठवडे, वाचनाची तपासणी आणि त्यानंतर तीन महिन्यांचा छोटा अभ्यास एवढे झाल्यावर दोघांनी बसून निर्णय घ्या. सकाळी ती कशी उठते, आपणहून प्रश्न विचारू लागली आहे का, तुमच्या जवळ येऊन बसते का, तुमची स्वतःची झोप आणि चिडचिड कशी आहे, यांवरून ठरवा. पुस्तकाची किती पाने झाली यावरून ठरवू नका. तिचे मत जरूर विचारा, पण निर्णयाचे ओझे तिच्यावर टाकू नका. घरी शिकवणे हे एकदा घेतलेले व्रत नाही. कितीतरी कुटुंबे दोन वर्षे घरी, मग शाळा, पुन्हा काही काळ घरी, अशी ये-जा करतात. काही ठिकाणी शाळेच्या संमतीने आठवड्यातले काही दिवस शाळा आणि उरलेले घरी अशी सोयही असते. तुमच्यातली कोणी एक व्यक्ती मोडून पडत असेल, तर चांगली शाळा शोधणे हाच अधिक प्रेमळ निर्णय ठरेल, आणि त्याबद्दल कोणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.

शाळेकडे परतायचे ठरले, तर मात्र तीच शाळा, तोच वर्ग आणि तीच परिस्थिती नको. प्रवेशाआधी मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटा, तपासणीचा अहवाल दाखवा, आणि काही गोष्टी स्पष्ट विचारा: तिला वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावले जाणार नाही ना, वाचनासाठी वेगळी मदत आठवड्यातून किती वेळा आणि कोण देणार, परीक्षेत जास्त वेळ किंवा प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती मिळेल का, मुले टर उडवू लागली तर शाळा नेमके काय करते. उत्तरे लेखी मागा, आणि ती टाळली गेली तर दुसरी शाळा पाहा.